शनिवारच्या डावासाठी पोकरचे संकेतस्थळ निवडताना : प्रकल्प नोंदी

५ जुलै २०२५, शनिवार

नागपूरच्या रविनगरमधील आमच्या घराच्या मागच्या खोलीत गेली अकरा वर्षे दर शनिवारी संध्याकाळी सहा जणांचा पत्त्यांचा डाव बसतो. सुरुवातीला रमी होती. पुढे आमच्यातील डॉक्टरांनी पोकर शिकवला आणि रमी मागे पडली. चिप, म्हणजे पैशाऐवजी डावात लावायच्या चकत्या, म्हणून आम्ही चिंचोके वापरतो. प्रत्येकाला शंभर चिंचोके मिळतात आणि रात्री सगळे पुन्हा एकाच बरणीत जातात. गेल्या महिन्यात आमचे शिक्षक मित्र मुलीकडे बंगळुरूला कायमचे राहायला गेले, सहावी खुर्ची रिकामी झाली, आणि डाव ऑनलाइन नेण्याचा ठराव आज सर्वानुमते संमत झाला. ऑनलाइन जायचेच तर प्रत्येकी पाचशे रुपये लावून खेळू, असा दुसरा ठराव पाच विरुद्ध एक मतांनी संमत झाला. विरोधातील मत माझे होते.

बँकेच्या अंतर्गत तपासणी विभागातून मी निवृत्त झालो असल्यामुळे संकेतस्थळ निवडण्याचे काम साहजिकच माझ्या गळ्यात पडले. गांधीबागेत कापडाचे दुकान असलेले आमचे मित्र म्हणाले, "भाऊ, तुम्ही जन्मभर लोकांच्या वह्या तपासल्या, आता ह्यांच्या तपासा." म्हणून ह्या नोंदी ठेवतो आहे. तीन संकेतस्थळे विचारात घेतली असून त्यांना अ, ब आणि क अशी अक्षरे दिली आहेत. अ आणि ब भारतीय कंपन्यांची आहेत, क परदेशातून चालते. नाव लिहिले की त्याच्या जाहिराती डोळ्यांपुढे येतात आणि मत कलते, असा माझा जुना अनुभव आहे.

पहिली निरीक्षणे : "सर्वोत्तम पोकर संकेतस्थळे" अशा मथळ्याच्या ज्या याद्या मी आज दुपारभर वाचल्या, त्या प्रत्येकीत नोंदणीसाठी एक सांकेतिक शब्द दिलेला होता. त्या शब्दाने नोंदणी करणारा खेळाडू जे हरतो किंवा जी कपात भरतो, तिच्यातील वाटा यादी लिहिणाऱ्याला मिळतो. दलालाने दिलेल्या मूल्यांकनावर कर्ज मंजूर करू नये, हा नियम येथेही लागू पडतो. सर्व याद्या बाद केल्या.

७ जुलै २०२५, सोमवार

आमच्यातील वकील उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात वकिली करतात. त्यांच्याकडून कायद्याची स्थिती समजून घेतली. आपल्या राज्यात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा लागू आहे आणि त्याच्या कलम १३ ने निव्वळ कौशल्याचे खेळ त्यातून वगळलेले आहेत. रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली आंध्र प्रदेशातील एका प्रकरणात म्हटले होते. पोकरबाबत मात्र न्यायालयांचे एकमत नाही : गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ साली तो नशिबाचा खेळ ठरवला, तर अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०२४ साली पोकर आणि रमी हे दोन्ही कौशल्याचे खेळ असल्याचे म्हटले. तेलंगणा, आंध्र प्रदेश आणि आसाम ह्या राज्यांतून पैशाच्या टेबलावर बसायला बहुतेक संकेतस्थळे देतच नाहीत.

आमच्यासाठी ह्याचा व्यावहारिक अर्थ असा की, शिक्षक मित्र बंगळुरूऐवजी हैदराबादला गेले असते तर हा प्रकल्प येथेच संपला असता. कर्नाटकने २०२१ साली पोलीस कायद्यात दुरुस्ती करून बंदी घातली होती, परंतु तेथील उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये ती रद्द केली, त्यामुळे त्यांना तिकडून खेळता येते. निकष पहिला : संकेतस्थळ खेळाडूचे राज्य तपासते का. अ आणि ब फोनचे स्थान मागतात. क काहीच विचारत नाही, आणि ही त्याची सोय नसून त्याच्याविरुद्धचा पहिला मुद्दा आहे, असे मी मानतो.

१२ जुलै २०२५, शनिवार

आज कपातीचा हिशोब केला. प्रत्येक पॉटमधून, म्हणजे एका हातात सगळ्यांनी मिळून लावलेल्या रकमेतून, संकेतस्थळ जो हिस्सा काढून घेते त्याला रेक म्हणतात. एकदा पत्ते वाटून खेळलेला डाव म्हणजे एक हात. छोट्या टेबलांवर तो साधारण पाच टक्के असतो, त्याला वरची मर्यादा असते, आणि फ्लॉप, म्हणजे टेबलावर उघडे मांडले जाणारे पहिले तीन पत्ते, न येता डाव संपला तर बहुतेक ठिकाणी तो घेतला जात नाही. घरी पत्ते पिसणे, वाटणे, चहा आणि वादविवाद धरून आमचे तासाला पंचवीस हात होतात. ऑनलाइन सहाजणांच्या टेबलावर ते पासष्टच्या आसपास होतात. हा फरक लहान दिसतो, पण कपात तासाला नसून हाताला असल्यामुळे वेगच मुळात महाग पडतो.

आमच्या शनिवारचा अंदाज असा मांडला. तीन तासांत १९५ हात. त्यांतील साठ टक्के फ्लॉप पाहतील असे धरले तर ११७. सरासरी पॉट ५० रुपयांचा धरला तर दर पॉटमागे अडीच रुपये. एकूण २९२ रुपये ५० पैसे. ह्याच्या अगोदर कर येतो. १ ऑक्टोबर २०२३ पासून भरणा केलेल्या रकमेवर अठ्ठावीस टक्के जीएसटी आहे. सहा जणांनी मिळून ३००० रुपये भरले तर त्यांतील ६५६ रुपये २५ पैसे कर असतो आणि टेबलावर प्रत्यक्षात २३४३ रुपये ७५ पैसे येतात. त्यातून रेक वजा जाता रात्री सहा जणांच्या हाती मिळून २०५१ रुपये २५ पैसे उरतील. घरी सहाशे चिंचोके टेबलावर येत आणि सहाशेच बरणीत परत जात. येथे पत्ता पडण्यापूर्वीच आम्ही सहाही जण मिळून हरलेले असतो.

अ हे संकेतस्थळ कराइतकी रक्कम बोनस म्हणून खात्यात टाकते. तिच्या अटी वाचल्या. ती रक्कम खेळता येते, परंतु ठरावीक खेळ झाल्याखेरीज काढता येत नाही. म्हणजे कर भरून द्यायचा आणि त्याची भरपाई म्हणून आणखी खेळायला लावायचे. अट स्पष्ट शब्दांत लिहिलेली आहे एवढे श्रेय मी त्यांना देतो. ब च्या अटींमध्ये हीच गोष्ट तीन वेगवेगळ्या पानांवर विभागलेली आढळली.

जिंकलेल्या रकमेचे वेगळेच आहे. १ एप्रिल २०२३ पासून निव्वळ जिंकलेल्या रकमेवर, म्हणजे काढलेल्या रकमेतून भरलेली रक्कम आणि वर्षारंभीची शिल्लक वजा जाता जे उरते त्यावर, तीस टक्के टीडीएस कापला जातो. डॉक्टर म्हणाले की आपल्यात कोणी एवढे जिंकतच नाही. ते खरे आहे.

१६ जुलै २०२५, बुधवार

पत्ते खरोखर पिसले जातात का, हा प्रश्न सगळ्यांनीच विचारला होता. बावन्न पत्त्यांचे क्रम लावण्याच्या रीती किती, तर अडुसष्ट अंकी संख्या होते. ८ वर सदुसष्ट शून्ये दिली की तिच्या जवळपास पोहोचता येते. संगणक पत्ते पिसतो म्हणजे एका बीजसंख्येपासून यादृच्छिक संख्यांची मालिका तयार करून तिच्याप्रमाणे क्रम लावतो. बीज लहान असेल, तर मालिका कितीही गोंधळाची दिसली तरी शक्य क्रम तेवढेच राहतात जेवढी बीजे आहेत.

१९९९ साली नेमके हेच उघडकीस आले. पैशाचा ऑनलाइन पोकर सुरू करणाऱ्या पहिल्या संकेतस्थळांपैकी प्लॅनेट पोकर हे एक होते. त्याला आज्ञावली पुरवणाऱ्या कंपनीने आपला प्रामाणिकपणा दाखवण्यासाठी पत्ते पिसण्याची पद्धत जाहीर केली होती. रिलायेबल सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजीज ह्या संस्थेतील संशोधकांनी ती वाचली आणि त्यांच्या लक्षात आले की बीज म्हणून मध्यरात्रीपासून किती मिलिसेकंद उलटले ती संख्या घेतली जाते. दिवसात ८ कोटी ६४ लाख मिलिसेकंद असतात, म्हणजे अडुसष्ट अंकी शक्यतांपैकी एवढेच क्रम कधी तरी येऊ शकत होते. संशोधकांनी आपले घड्याळ सर्व्हरच्या घड्याळाशी जुळवून ही संख्या सुमारे दोन लाखांवर आणली, आणि हातातील दोन व टेबलावरील तीन पत्ते कळताच उरलेल्या सगळ्या पत्त्यांचा क्रम ओळखून दाखवला. ती त्रुटी लगेच दुरुस्त झाली. मला मात्र ह्या गोष्टीतील वेगळाच भाग महत्त्वाचा वाटतो : पद्धत लपवून ठेवली असती तर ती तशीच चालू राहिली असती.

आज जबाबदार संकेतस्थळे आपला यादृच्छिक संख्यांचा यंत्रविभाग जीएलआय, आयटेक लॅब्ज अशा स्वतंत्र प्रयोगशाळांकडून तपासून घेतात. अ च्या पानावर प्रमाणपत्र आहे, त्यावर तारीख आहे, आणि कोणती आवृत्ती तपासली तेही लिहिले आहे. ब च्या पानावर प्रयोगशाळेचे केवळ बोधचिन्ह आहे. त्यावर दाबले असता काहीही उघडत नाही. क च्या पानावर "शंभर टक्के निष्पक्ष" एवढीच ओळ आहे. तपासणीच्या नोकरीत अशा वाक्याखाली मी नेहमी लाल पेन्सिलीने रेघ मारत असे.

२५ जुलै २०२५, शुक्रवार

आठ दिवस रोज साधारण दोन तास अ च्या फुकट टेबलांवर बसून १,१०५ हातांची नोंद केली. अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या भाच्याने ब वर तेवढेच हात नोंदवले. आकडा मुद्दाम निवडला होता. दोन पत्त्यांच्या १,३२६ जोड्या होतात, त्यांपैकी सहा एक्क्यांच्या. म्हणजे २२१ हातांत एकदा एक्क्यांची जोडी यावी आणि १,१०५ हातांत पाच वेळा. मला आठ वेळा आली, भाच्याला तीन वेळा.

तो उत्साहाने म्हणाला, "मामा, ब वाले लबाड आहेत, पाहा!" त्याला कागदावर गणित मांडून दाखवावे लागले. पाच अपेक्षित असताना दोन-सव्वादोनने इकडेतिकडे होणे अगदी नेहमीचे आहे. तीन आणि आठ ह्या दोन्ही संख्या त्यात किंवा त्याच्या थोड्या बाहेर बसतात आणि त्यांवरून कोणाविरुद्धही काही सिद्ध होत नाही. लबाडी करणारा एक्के कमी देण्याइतका वेडाही नसतो. खुर्चीवर बसून पत्त्यांची निष्पक्षता तपासता येते ही माझी समजूत ह्या आठ दिवसांत गेली, आणि डोळेही दुखले.

एक उपयोगी गोष्ट मात्र कळली. फुकट टेबलावर चिप संपल्या की लगेच नव्या मिळत असल्यामुळे तेथील लोक हातात गुलाम-दुर्रीसारखे कमकुवत पत्ते असतानाही सगळे लावून मोकळे होतात. तो पोकर नव्हे. म्हणून पैसे लावून खेळू म्हणणाऱ्या पाच जणांच्या मतात तथ्य होते, हे येथे नमूद करतो.

२९ जुलै २०२५, मंगळवार

आजची नोंद माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आहे : खेळाडूंनी भरलेला पैसा कोठे ठेवला जातो.

१५ एप्रिल २०११ रोजी अमेरिकी सरकारने पोकरस्टार्स, फुल टिल्ट आणि ॲब्सोल्यूट पोकर ह्या तीन मोठ्या संकेतस्थळांवर एकाच वेळी कारवाई केली. पोकर खेळणारे तो दिवस काळा शुक्रवार म्हणून ओळखतात. तिन्ही कंपन्यांवर आरोप सारखेच होते, परंतु त्यानंतर काय झाले त्यात जमीनअस्मानाचे अंतर आहे. पोकरस्टार्सने खेळाडूंचा पैसा कंपनीच्या पैशापासून वेगळा ठेवला होता आणि काही आठवड्यांत अमेरिकी खेळाडूंना तो परत केला. फुल टिल्टकडे ३१ मार्च २०११ रोजी जगभरातील खेळाडूंचे सुमारे ३९ कोटी डॉलर देणे होते आणि बँकेत केवळ सुमारे ६ कोटी डॉलर होते, असे अमेरिकी न्याय विभागाने त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये न्यायालयात सांगितले. खेळाडूंच्या पडद्यावर शिल्लक दिसत होती, ती जिंकताहरताना वरखाली होत होती, पण तिच्यामागे रोकड नव्हती. २०१२ साली पोकरस्टार्सने सरकारशी तडजोड करून फुल टिल्ट विकत घेतले आणि अमेरिकी खेळाडूंना पैसे मिळायला २०१४ साल उजाडले.

बँकेत ज्याने चाळीस वर्षे काढली त्याला ह्यात नवल वाटू नये, तरीही मी हा तपशील दोनदा वाचला. खेळ दोन्हीकडे सारखाच होता आणि पत्ते दोन्हीकडे ठीकच पिसले जात होते. खेळाडूला टेबलावर बसून जे दिसत नाही, तेथेच दोघांतील फरक होता.

ॲब्सोल्यूट पोकरची कथा आणखी वाईट आहे. २००७ साली काही खेळाडूंना शंका आली की एक जण समोरच्यांचे झाकलेले पत्ते पाहिल्यासारखा खेळतो. एका खेळाडूने स्पर्धेतील आपल्या हातांची नोंद मागितली, आणि कंपनीने चुकून सर्वांच्या पत्त्यांसह संपूर्ण नोंद पाठवली. त्या फाइलीवरून संशय खरा ठरला : आतील माणसाच्या खात्यातून सगळे पत्ते दिसत होते. पुढच्याच वर्षी तिच्या भगिनी संकेतस्थळावर, अल्टिमेटबेटवर, तोच प्रकार निघाला आणि खेळाडूंना २ कोटींहून अधिक डॉलर परत करावे लागले. ही दोन्ही प्रकरणे नियामकाने नव्हे, तर हातांच्या नोंदी मागून घेणाऱ्या आणि त्या रात्ररात्र जागून तपासणाऱ्या खेळाडूंनी उघडकीस आणली.

ह्यावरून दोन निकष पक्के केले. खेळाडूंचा पैसा वेगळ्या खात्यात ठेवल्याचे लेखी आश्वासन असावे, आणि प्रत्येक हाताची नोंद उतरवून घेता यावी. अ दोन्हींत बसते. ब च्या मदतकक्षाला दोन वेळा विचारले. दोन्ही वेळा बोनसची माहिती आली.

२ ऑगस्ट २०२५, शनिवार

अ आणि ब वर पाचशे पाचशे रुपये भरले, थोडे खेळून उरलेले काढण्याचा अर्ज केला. नुसते भरून न खेळता काढता येत नाहीत. काळा पैसा फिरवण्यासाठी खात्याचा वापर होऊ नये म्हणून ही अट असते आणि ती योग्यच आहे.

क वर पैसे भरण्याच्या पानापर्यंत गेलो आणि थांबलो. तेथे कंपनीच्या नावाऐवजी एका किराणा दुकानाचा यूपीआय पत्ता आला. पान पुन्हा उघडले तेव्हा दुसऱ्याच कोणा व्यक्तीचे नाव आले. अशी खाती बहुधा भाड्याने घेतलेली असतात. त्यांतील एखाद्या खात्यातून फसवणुकीची रक्कम गेल्याची तक्रार झाली, की त्याच्याशी व्यवहार केलेल्या इतरांची खातीही पोलीस तपासात गोठवली जातात. पेन्शन ज्या खात्यात येते त्या खात्यातून हा व्यवहार करण्याचा विचारही नको. क बाद.

९ ऑगस्ट २०२५, शनिवार, राखी पौर्णिमा

अ कडून ४ तारखेला पैसे आले. ब ने अर्ज अडवून ठेवला आहे, कारण पॅनवर माझे पूर्ण नाव आहे आणि बँकेच्या खात्यावर वडिलांच्या नावाचे आद्याक्षर. भरणा स्वीकारताना हीच दोन नावे त्यांना चालली होती. भाचा म्हणाला, "मामा, टाकाले एक मिनिट अन् काढाले महिना."

यंत्रखेळाडूंबद्दल थोडक्यात लिहितो. २०१७ साली कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या लिब्राटस ह्या प्रणालीने चार व्यावसायिक खेळाडूंना १ लाख २० हजार हातांत स्पष्टपणे हरवले, आणि २०१९ साली प्लुरिबसने सहाजणांच्या टेबलावरही तेच केले. अनोळखी टेबलावर बसणाऱ्याने ही शक्यता गृहीत धरावी. आमचे टेबल खाजगी आहे आणि यंत्रासारखे खेळण्याचा आरोप आमच्यापैकी कोणावरही करता येणार नाही, म्हणून हा मुद्दा येथेच सोडतो.

१९ ऑगस्ट २०२५, मंगळवार

शिफारस लिहून पूर्ण केली : अ, खाजगी टेबल, सर्वांत लहान ब्लाइंड (पत्ते वाटण्यापूर्वी सक्तीने लावायची रक्कम), आठवड्याला पाचशे रुपयांची मर्यादा खात्यातच घालून घेणे. पहिला डाव शनिवारी, २३ तारखेला.

२२ ऑगस्ट २०२५, शुक्रवार, पोळा

शिफारस तीन दिवस टिकली. ऑनलाइन गेमिंगचे विधेयक बुधवारी लोकसभेत मांडले गेले आणि त्याच दिवशी संमत झाले, गुरुवारी राज्यसभेने ते संमत केले, आणि आज राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. वकील मित्रांनी दुपारी पुरणपोळी खाता खाता कलमे वाचून दाखवली. पैसे लावून खेळायचा कोणताही ऑनलाइन खेळ, तो कौशल्याचा असो की नशिबाचा, चालवण्यास बंदी आहे. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास लाखांपर्यंत दंड, आणि अशा खेळांचे पैशाचे व्यवहार हाताळणाऱ्यालाही शिक्षा आहे. परदेशातून भारतात सेवा देणाऱ्यांनाही तो लागू आहे. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. अनेक दशके चाललेला कौशल्य की नशीब हा वाद ऑनलाइन पैशाच्या खेळापुरता एका वाक्याने बाजूला ठेवला गेला. वकिलांना ह्याचे थोडे वाईट वाटल्याचे दिसले. त्या वादावर त्यांच्या एका संपूर्ण पिढीचा अभ्यास झालेला आहे.

अ ने आजच सूचना लावली आहे : पैशाची टेबले बंद, शिल्लक काढून घ्यावी.

२३ ऑगस्ट २०२५, शनिवार

ठरलेल्या वेळी डाव झाला नाही. सकाळी मारबतीची, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघणाऱ्या पुतळ्यांची, मिरवणूक पाहायला गर्दीत गेलो होतो, त्यामुळे थकवाही होता. "इडा, पीडा घेऊन जा गे मारबत" ह्या आरोळ्या कानात असतानाच फोनवर क चा संदेश आला, की पहिल्या भरण्यावरचा बोनस त्यांनी दुप्पट केला आहे. मी त्यांच्याकडे केवळ क्रमांक नोंदवला होता. देशातील दुकाने बंद होताच ही मंडळी गिऱ्हाईक उचलायला निघाली आहेत. सर्व मित्रांना कळवले की कोणीही तेथे नोंदणी करू नये, आणि चुकून पैसे गेलेच तर विलंब न करता सायबर फसवणुकीच्या १९३० ह्या मदत क्रमांकावर तक्रार करावी.

६ सप्टेंबर २०२५, शनिवार, अनंत चतुर्दशी

ब कडून काल पैसे आले, पाच आठवड्यांनी.

प्रकल्प बंद करावा असा प्रस्ताव आला होता. मी तो मांडू दिला नाही, कारण रिकामी खुर्ची अजून रिकामीच आहे. पैशाशिवाय खेळणे कायद्याने कधीच अडलेले नाही. ठरावीक वर्गणी घेऊन चालणारे करमणुकीचे खेळही, त्या वर्गणीचे स्वरूप पणाचे, म्हणजे पैजेच्या रकमेचे, नसेल तर, नव्या कायद्यात चालतात. हरणाऱ्याने सगळ्यांना तर्री पोहे खाऊ घालावेत, अशी सूचना कापड दुकानदारांनी केली. वकिलांनी चष्मा काढून पुसला आणि "पण" ह्या शब्दाची व्याख्या वाचायला घेतली, तेव्हा पोहे पाळीपाळीने द्यायचे असे ठरले.

निकष नव्याने लिहावे लागले. मोफत म्हणवणारी पुष्कळ ॲप चिप विकतात; विकत घेतलेल्या चिप परत पैशात बदलत नाहीत, म्हणजे पैसा फक्त आत जातो. अशी सगळी बाद केली. संपर्कयादी वाचण्याची परवानगी मागणारीही बाद केली. उरलेल्यांमध्ये पाहण्यासारख्या गोष्टी अशा की, चिप संपल्यावर आपोआप नव्या मिळणे बंद ठेवता येते का, विचार करण्याचा वेळ तीस सेकंदांहून वाढवता येतो का (दुकानदारांना दीड मिनिट लागते), आणि वीज गेली किंवा नेट तुटले तर हाताचे काय होते. पूर्वी काही संकेतस्थळे संपर्क तुटलेल्या खेळाडूला तोपर्यंत लावलेल्या रकमेपुरता डावात ठेवत. त्याचा गैरफायदा घेऊन लोक मुद्दाम तार काढू लागले, म्हणून आता बहुतेक ठिकाणी वेळ संपला की हात टाकला जातो. पावसाळ्यात आमच्या गल्लीत हा नियम मलाच सर्वांत जास्त नडणार आहे.

निवड केलेल्या सेवेला ट हे अक्षर देतो. ॲप नाही, ब्राउझरमध्ये दुव्यावरून टेबल उघडते, बसू देणे यजमानाच्या हातात असते, पैसे भरण्याचे पानच नाही, आणि रात्री प्रत्येक हाताची नोंद फाइलीत उतरवून घेता येते. पिसण्याबद्दलचे प्रमाणपत्र तिच्याकडे नाही. चिंचोक्यांसाठी मी ते माफ केले.

१३ सप्टेंबर २०२५, शनिवार

सहा जण, प्रत्येकी शंभर, नव्या चिप नाहीत, वेळ नव्वद सेकंद. तासाला एकतीस हात झाले. शिक्षक मित्रांचा आवाज फोनच्या वेगळ्या गटातून येत होता आणि पडद्यापेक्षा दोन सेकंद मागे होता, त्यामुळे ते नेहमी डाव झाल्यावर हळहळत असल्यासारखे वाटत होते. गुलाम-दुर्रीवर कोणीही सगळे लावले नाही. शंभर संपले की डॉक्टर पूर्वीसारखेच उठून चहाला गेले, फरक एवढाच की ह्या वेळी स्वतःच्या घरात.

रात्री नोंद उतरवून बेरीज केली. सहाशे यायला हवे होते, सहाशेवीस आले.

१४ सप्टेंबर २०२५, रविवार

वीस चिपचा फरक सापडला. सत्तेचाळिसाव्या हातानंतर दुकानदारांनी वीस चिप जादा मागितल्या होत्या आणि ती विनंती मीच, बसण्याची परवानगी समजून, मंजूर केली होती. फाइलीत माझ्या नावासह वेळ आहे. गटात चूक कळवली आणि त्यांच्या खात्यातून वीस वजा दाखवले. त्यांनी हरकत घेतली नाही; उलट, ही चूक किती दिवसांनी पकडली जाते ते पाहायचे होते, असे म्हणाले.

२० सप्टेंबर २०२५, शनिवार

बेरीज सहाशे. शिक्षक मित्र पहिले आले. डाव संपल्यावर ते म्हणाले की सगळे ठीक आहे, पण विचार करताना हात रिकामे राहतात आणि त्यामुळे सुचत नाही.

२२ सप्टेंबर २०२५, सोमवार

बरणीतून शंभर चिंचोके मोजून कापडी पिशवीत शिवले आणि सिव्हिल लाइन्समधील जीपीओतून स्पीड पोस्टने बंगळुरूला पाठवले. खिडकीवरील बाईंनी आत काय आहे ते विचारले. सांगितल्यावर त्यांनी एकदा माझ्याकडे आणि एकदा पिशवीकडे पाहिले, आणि पावतीवर बियाणे असे लिहिले.